ग्रुप जोडण्याआधी आम्हाला विचारा

प्रति,
ठाणे, कळवा, डोंबिवली आणि कल्याण परिसरातील सर्व ग्रुप ॲडमिन, गृहनिर्माण सोसायट्यांचे सचिव आणि रहिवासी व प्रवासी संघटनांचे पदाधिकारी यांस,



मी ठाणे पूर्वेला, कोपरीत राहते. आमच्या भागात गेल्या काही महिन्यांत सोसायट्यांचे, प्रवाशांचे, महिलांचे, ज्येष्ठ नागरिकांचे कितीतरी व्हॉट्सॲप ग्रुप बंद करून एका मोठ्या ग्रुपमध्ये मिसळले गेले आणि तो मोठा ग्रुप दुसऱ्याच ॲपवर उभा राहिला. निरोप सगळीकडे साधारण एकच होता : हा ग्रुप बंद होत आहे, सर्वांनी खालील लिंकवरून नव्या ग्रुपमध्ये यावं, सहकार्याबद्दल धन्यवाद. थोड्या वेळाने जुन्या ग्रुपवर फक्त ॲडमिनच लिहू शकतील अशी सोय केली गेली. ज्यांना काही विचारायचं होतं त्यांना विचारायला जागाच उरली नाही. म्हणून हे जाहीर पत्र.

तक्रारीआधी एक गोष्ट मनापासून सांगते. ॲडमिनचं काम बिनपगारी आहे आणि त्यात मानापेक्षा बोलणी जास्त खावी लागतात. मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत भाजीचा टेम्पो गेटवर किती वाजता येणार, कुठल्या औषधाच्या दुकानात काय शिल्लक आहे, कोणाच्या घरी डबा पोचवायचा आहे, हे सगळं तुम्ही मंडळींनी या ग्रुपवरूनच निभावलं. रात्री बारा वाजता रक्तदाता शोधणारा संदेश तुम्हीच दहा ठिकाणी पोचवला आहे. त्या कामाची जाण आम्हा सगळ्यांना आहे.

ग्रुप एकत्र करण्यामागची तुमची कारणंही खोटी नाहीत. एकच सूचना सहा ग्रुपवर टाकायची, सहा ठिकाणच्या शंकांना उत्तरं द्यायची, एका ग्रुपवर वाद पेटला की तो दुसऱ्यावर फॉरवर्ड झालेला पाहायचा, याचा कंटाळा येणारच. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये १,०२४ जणांपर्यंतच जागा असते, आणि काही संघटनांना ती कमी पडते. महापालिकेकडे किंवा रेल्वेकडे जाताना पन्नास जणांपेक्षा हजार जणांच्या वतीने बोललं तर दखल लवकर घेतली जाते, हेही खरं. नव्या ॲपवर मेंटेनन्सची पावती, पाहुण्यांची नोंद आणि तक्रार क्रमांक एकाच ठिकाणी मिळतो, ही सोय मीही वापरते.

माझं म्हणणं वेगळं आहे. कुठल्याही ग्रुपमध्ये काय बोलायचं, किती बोलायचं आणि कोणासमोर बोलायचं याचा एक अलिखित करार तिथल्या माणसांत हळूहळू तयार झालेला असतो. दोन ग्रुप जोडले की तो करार बदलतो. ज्यांचा करार बदलणार त्यांना आधी विचारलं पाहिजे. तुम्ही विचारलं नाही, आणि त्यातूनच पुढच्या सगळ्या अडचणी आल्या.

पहिली तक्रार याच न विचारण्याची.

तुमच्यातले बरेच जण सोसायटीचे पदाधिकारी आहेत, त्यामुळे हा दाखला तुम्हाला लगेच पटेल. दोन सहकारी संस्थांचं एकत्रीकरण करायचं असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधलं कलम १७ लागू होतं. त्यासाठी खास सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. हजर राहून मत देणाऱ्या सदस्यांपैकी दोन तृतीयांश जणांनी ठराव मंजूर करावा लागतो. निबंधकांची पूर्वपरवानगी लागते. सदस्यांना आणि घेणेकऱ्यांना नोटीस द्यावी लागते आणि ज्याला नव्या संस्थेत यायचं नाही त्याला आपला हिस्सा मागून बाहेर पडायला एक महिन्याची मुदत असते. साठ वर्षांहून जुन्या या कायद्याने माणसं जोडण्याची रीत इतकी नीट घालून दिली आहे. व्हॉट्सॲप ग्रुपला हा कायदा लागू नाही, हे मलाही माहीत आहे. पण सूचना, चर्चा, मतदान आणि बाहेर पडण्याचा सन्मानाने दिलेला मार्ग, हा क्रम आपल्या समित्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. जिन्यातला रंग बदलायचा तरी आपण सभेत विषय घेतो. मग शेकडो घरांचं रोजचं बोलणं एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेताना तो विषय सभेपुढे का येऊ नये?

वरून जोडाजोड झाली की काय होतं, ते आपल्याच जिल्ह्याने पाहिलं आहे. कल्याण-डोंबिवलीजवळची २७ गावं १९८३ साली महापालिका झाली तेव्हा तिच्या हद्दीत आली, २००२ साली बाहेर काढली गेली, २०१५ साली पुन्हा आत घेतली गेली. २०२० साली त्यातली १८ गावं वेगळी करण्याचा निर्णय झाला आणि तो उच्च न्यायालयात टिकला नाही. करवसुली कोणी करायची, रस्ते कोणी बांधायचे, पाणी कोणी द्यायचं, हे प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने उभे राहिले. आपले ग्रुप त्या मानाने फार छोटे आहेत. पण लोकांना बाजूला ठेवून आखलेली हद्द लोक मनाने मानत नाहीत, हा अनुभव दोन्हीकडे सारखाच आहे. आमच्या नव्या ग्रुपमधून आठवड्याभरात लोक लेफ्ट व्हायला लागले, ते याचमुळे.

दुसरी तक्रार फोन नंबरांची, आणि ती मी विशेष करून बायकांच्या वतीने मांडते.

आमच्या महिलांच्या ग्रुपमध्ये चाळीसेक जणी होतो. सगळ्या एकमेकींना चेहऱ्याने ओळखणाऱ्या. तिथे एखादी लिहायची, की नवरा दवाखान्यात आहे, रात्री मी घरी एकटीच आहे, कोणी सोबतीला येईल का? आणि दोघी जणी यायच्या. तो ग्रुप मोठ्या ग्रुपमध्ये मिसळला तेव्हा आमचे नंबर, डीपी आणि नावं एका झटक्यात शेकडो अनोळखी माणसांसमोर गेली. त्याच आठवड्यात कोणाला अपरात्री 'हाय' आलं, कोणाला कर्जाचे फोन आले, कोणाला इन्शुरन्सवाल्याचे. कोण कुठून आलं हे सिद्ध करता येत नाही, त्यामुळे मी कोणावर आरोप करत नाही. पण त्यानंतर सोबत मागणाऱ्या बाईने तसं लिहिणं थांबवलं, हे मी पाहिलं आहे. सोबत मागायची तिची जागा गेली आणि त्या बदल्यात तिला काही मिळालं नाही.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली मंजूर झाला. एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी माहिती वापरली तर तो कायदा लागू होत नाही. मैत्रिणींचा ग्रुप त्या सवलतीत बसेल. मात्र सोसायटीची समिती जेव्हा सभासदांची नावं, फ्लॅट क्रमांक, गाड्यांचे नंबर आणि भाडेकरूंची माहिती एखाद्या कंपनीच्या ॲपवर चढवते, तेव्हा त्याला घरगुती वापर कसं म्हणायचं, हा प्रश्न प्रत्येक सचिवाने स्वतःला विचारावा. कायद्यातली पळवाट शोधण्यापेक्षा एक साधा फॉर्म फिरवणं सोपं आहे : माझी कोणती माहिती नव्या ठिकाणी नेलेली चालेल, कोणती नाही.

तुमच्या अधिकाराबद्दल न्यायालय काय म्हणालं आहे, तेही इथेच सांगते. एखाद्या सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला गुन्हेगार धरता येणार नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली दिला. ॲडमिनकडे मुख्यतः सदस्यांना जोडण्याचा आणि वगळण्याचा मर्यादित अधिकार असतो, हे त्यात स्पष्ट झालं. या निकालाने तुम्हाला दिलासा मिळाला आणि तो योग्यच होता. पण आता दुसऱ्या बाजूने पाहा. जोडणं आणि वगळणं हाच जर तुमचा खरा अधिकार असेल, तर त्याच एका बाबतीत तुमची जबाबदारी सगळ्यात मोठी आहे. आमच्या शब्दांची जबाबदारी आमची. आम्हाला कोणासमोर उभं केलं, त्याची जबाबदारी तुमची.

तिसरी तक्रार जुन्या नोंदींची.

ग्रुप बदलताना आम्हाला सांगितलं गेलं, की जुना ग्रुप डिलीट करा, फोनमधली जागा मोकळी होईल. बहुतेकांनी लगेच केला. पावसाळा लागला आणि आमच्या वरच्या मजल्यावर गळती सुरू झाली. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम झालं तेव्हा ठेकेदाराने किती वर्षांची हमी दिली होती, यावर वाद झाला. हमीपत्राचा फोटो तेव्हाच्या सचिवांनी ग्रुपवर टाकला होता, हे सगळ्यांना आठवत होतं. पण मूळ कागद सापडत नव्हता आणि फोटोही कोणाच्या फोनमध्ये उरला नव्हता. शेवटी तळमजल्यावरच्या एका आजोबांच्या जुन्या फोनमध्ये तो निघाला, कारण त्यांना ग्रुप डिलीट कसा करायचा हेच कोणी दाखवलं नव्हतं. त्या फोटोत ठेकेदाराची सही होती, तारीख होती आणि कोपऱ्यात सिमेंट लागलेल्या बोटांचा ठसाही होता. एका चुकून राहिलेल्या फोनवर अख्ख्या सोसायटीची बाजू उभी होती.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. इंटरनेटवरच्या चर्चागटांचा इतिहास अशा विलीनीकरणांनी भरलेला आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी वनलिस्ट आणि ई-ग्रुप्स या दोन सेवांवर जगभरचे हजारो गट चालत. १९९९ साली त्या दोन्ही एक झाल्या. २००० साली याहूने ई-ग्रुप्स विकत घेतली आणि आपल्या क्लब्जबरोबर जोडून याहू ग्रुप्स सुरू केली. परदेशात नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांनी, भाच्यांनी तिथे मराठीतून गप्पा मारल्या, घर शोधलं, सणासुदीला भेटायचं ठरवलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये याहूने जाहीर केलं, की जुना मजकूर काढून टाकणार. त्यासाठी दिलेली मुदत इतकी कमी होती, की ओरड झाल्यावर ती जानेवारी २०२० अखेरपर्यंत वाढवावी लागली. १५ डिसेंबर २०२० रोजी सेवाच बंद झाली. ऑर्कुटच्या कम्युनिटी ३० सप्टेंबर २०१४ रोजी थांबल्या. गुगल प्लस २ एप्रिल २०१९ रोजी बंद झालं. प्रत्येक वेळी ज्या गटाच्या चालकाने वेळेवर प्रत काढून ठेवली, त्याचा मजकूर राहिला. इतरांचा गेला.

चांगलं उदाहरण मराठीतच आहे. १९९६ साली सुरू झालेली मायबोली ही वेबसाइट पुढे नव्या व्यवस्थेवर गेली, तेव्हा हितगुज या जुन्या चर्चाविभागावरचं लेखन तिने वाचायला उपलब्ध ठेवलं. जुन्या पत्त्यावर नवं लिहिता येत नाही, पण कोणी काय लिहिलं होतं ते शोधता येतं. आपल्या परिसरालाही जपणुकीची सवय आहे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ साली सुरू झालं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली. अशा गावांतल्या सोसायट्यांना आपली दहा वर्षांची नोंद सांभाळता येऊ नये, हे मनाला पटत नाही.

काम अवघड नाही. व्हॉट्सॲपमध्ये चॅट एक्स्पोर्ट करता येतं. फोटोंसह सुमारे १०,००० आणि फोटोंशिवाय सुमारे ४०,००० अलीकडचे संदेश त्यात येतात. मोठ्या ग्रुपला हे पुरत नाही, म्हणून हमीपत्रं, पावत्या, इतिवृत्तं, ठरावांच्या प्रती एवढं तरी वेगळं काढून सोसायटीच्या ईमेलवर आणि एका पेनड्राइव्हवर ठेवता येतं. मात्र ज्या खासगी गप्पा आहेत, त्यांची प्रत कोणी कोणाला विचारल्याशिवाय काढू नये. बायकांच्या ग्रुपमध्ये लिहिलेलं दुःख समितीच्या फाइलला लावायची गरज नाही.

चौथी तक्रार : गावभर एक ग्रुप झाला, की जवळची माहिती हरवते.

'लाइट गेली का?' असा संदेश आमच्या जुन्या ग्रुपवर आला, की दोन मिनिटांत कळायचं, आमच्या गल्लीतली गेली, समोरच्या कॉलनीत आहे, फोन लावला आहे. आता तोच प्रश्न येतो आणि उत्तरं येतात नौपाड्यातून, कळव्यातून, डोंबिवलीच्या एमआयडीसीतून. कोणी म्हणतं आहे, कोणी म्हणतं नाही. प्रश्न विचारणारी व्यक्ती कुठे राहते, हेच कोणाला माहीत नसतं. पाण्याचं तेच. कोपरी आणि नौपाडा यांची महापालिकेत प्रभाग समिती एक असली, तरी मध्ये रेल्वेचे रूळ आहेत. पूर्वेला पाणी न येण्याचं कारण आणि पश्चिमेला न येण्याचं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं.

प्रवाशांच्या ग्रुपमध्ये तर हे जास्तच जाणवतं. ठाणे स्थानकाचे फलाट ५ आणि ६ रुंद करण्यासाठी मध्य रेल्वेने मे २०२४ च्या अखेरीस ६३ तासांचा ब्लॉक घेतला, तेव्हा आमच्या जुन्या ग्रुपने फार काम केलं. त्या ग्रुपवर ठाण्याहूनच चढणारे प्रवासी होते. कोणती गाडी ठाण्यापर्यंत येते, कोणती रद्द झाली, पूर्वेकडच्या पुलावर किती गर्दी आहे, वाशीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक १० वर लागली की नाही, एवढंच लिहिलं जायचं. मोठ्या ग्रुपवर कल्याण, दिवा, बदलापूर सगळेच एकत्र लिहितात. 'गाडी लेट आहे' असं वाचून कोणती गाडी आणि कुठे, हे शोधेपर्यंत ती निघून गेलेली असते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ लोकलमधून प्रवासी पडून जीव गेले, तेव्हापासून या मार्गावरच्या प्रत्येक घरात सकाळी धाकधूक असते. घरच्यांना खात्रीची आणि नेमकी बातमी कुठून मिळेल, याची व्यवस्था हलक्याने मोडण्यासारखी नाही.

पाचवी तक्रार मागे राहिलेल्यांची.

नवं ॲप आलं, की कोण कोण येऊ शकत नाही, याची यादी कोणीच करत नाही. आमच्याकडे काही ज्येष्ठांचे फोन इतके जुने आहेत, की ऑक्टोबर २०२३ मध्ये ॲन्ड्रॉइड ५.० च्या आधीच्या फोनवर व्हॉट्सॲप चालणं बंद झालं, तेव्हाच ते ग्रुपमधून गळाले होते. मुलांनी दुसरा फोन देऊन त्यांना परत आणलं. आता पुन्हा नवं ॲप, नवा ओटीपी, नवा पासवर्ड. आमचा वॉचमन जुन्या ग्रुपवर आवाजाचा संदेश टाकून सांगायचा, की टाकी भरली, पंप बंद केला. नव्या ॲपवर त्याला 'कर्मचारी' म्हणून वेगळं खातं दिलं गेलं आणि त्याचा निरोप रहिवाशांपर्यंत पोचेनासा झाला. घरकाम करणाऱ्या बायकांची आत-बाहेरची नोंद मात्र त्याच ॲपवर मिनिटामिनिटाची दिसते. ज्यांची नोंद ठेवली जाते त्यांना बोलायलाही जागा हवी, एवढी साधी अपेक्षा आहे.

त्यातच लोक एका ॲपवरून दुसऱ्यावर धावत राहतात. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपच्या गोपनीयता धोरणावरून गदारोळ झाला, तेव्हा अनेक ग्रुप सिग्नल किंवा टेलिग्रामवर गेले. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झोहो कंपनीच्या अरट्टाई या ॲपची लाट आली. प्रत्येक वेळी निम्मे लोक तिकडे गेले, निम्मे इकडेच राहिले आणि ग्रुप दोन झाले. नवं वापरून पाहायला हरकत नाही. पण सोसायटीसारख्या ठिकाणी शेवटचा माणूस पोचेपर्यंत जुना मार्ग सुरू ठेवणं, हे हलवणाऱ्याचं काम आहे.

सहावी आणि शेवटची तक्रार भाषेची आणि संवादाची.

कोपरीत फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची वस्ती आहे, जुना कोळीवाडा आहे, कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसं आहेत, उत्तरेकडून आलेलीही आहेत. लहान ग्रुपमध्ये प्रत्येक जण आपापल्या बोलीत लिहायचा आणि शेजारी ते समजून घ्यायचे. आमच्या समोरच्या सिंधी काकू मराठी रोमन लिपीत लिहायच्या, आणि चेटीचंडला गोड शेवयांचा फोटो टाकायच्या. ग्रुप मोठा झाल्यावर सगळ्यांना कळावं म्हणून एकाच भाषेतली कोरडी सूचना सुरू झाली. ती वाचली जाते, तिला कोणी उत्तर देत नाही. अनेक ठिकाणी तर उत्तर द्यायची सोयही काढून घेतली आहे. वाद टाळण्यासाठी ते केलं, असं तुम्ही सांगता. वाद खरंच टळले आहेत. त्याबरोबर बोलणंही थांबलं आहे, आणि ते तुम्हाला नको होतं यावर माझा विश्वास आहे.

आता विनंत्या. त्या फार नाहीत आणि कुठल्याही ॲडमिनला आपल्या सवडीने करता येतील अशाच आहेत.

ग्रुप जोडायचा किंवा हलवायचा असेल, तर निदान पंधरा दिवस आधी कारणासह कळवा. कोणत्या ग्रुपबरोबर जोडणार, कोण ॲडमिन असणार, कोणाला काय दिसणार, हे त्यात लिहा. ग्रुपवरच मतदान घ्या. सोसायटीचा ग्रुप असेल तर विषय सभेत घ्या आणि इतिवृत्तात लिहा. 'मौन म्हणजे होकार' असं धरू नका. जे लिहीत नाहीत, त्यांना फोन करा.

कोणालाही थेट ॲड करू नका. लिंक पाठवा, ज्याला यायचं तो येईल. आपल्याला ग्रुपमध्ये कोण जोडू शकतं, हे ठरवण्याची सोय व्हॉट्सॲपने २०१९ सालीच दिली आहे. सेटिंगमधली ती जागा सदस्यांना एकदा दाखवून द्या. विशेषतः आमच्या आई-काकूंना.

बायकांचे, ज्येष्ठांचे, आजारी माणसांच्या आधाराचे ग्रुप मोठ्या ग्रुपमध्ये मिसळू नका. त्यांची गरजच लहान असण्याची आहे.

शक्य असेल तिथे मिसळण्याऐवजी फक्त एका छताखाली आणा. व्हॉट्सॲपने नोव्हेंबर २०२२ पासून कम्युनिटीची सोय दिली आहे. तिच्यात सगळ्यांसाठीची सूचना एकदाच टाकता येते, आणि प्रत्येक लहान ग्रुप आपापल्या जागी राहतो. आपला नंबर कम्युनिटीतल्या परक्यांना दिसत नाही, ॲडमिनला आणि आपल्याच ग्रुपमधल्यांना दिसतो. सहा ठिकाणी तोच संदेश टाकण्याचा तुमचा त्रास यात संपतो आणि आमचं अंगणही राहतं. इतर ॲपवर अशी सोय आहे का, हे करार करण्याआधी कंपनीला विचारा. नसेल तर मागा.

हलण्याआधी नोंदी काढून ठेवा. हमीपत्रं, पावत्या, ठराव, आपत्कालीन नंबर, रक्तदात्यांची यादी. ही प्रत कोणाकडे आहे, ते सगळ्यांना माहीत असू द्या. कंपनीच्या ॲपवर जाताना, करार संपल्यावर आमची माहिती आम्हाला परत मिळेल आणि त्यांच्याकडून पुसली जाईल, हे लेखी घ्या.

जुना ग्रुप लगेच बंद करू नका. निदान एक पावसाळा आणि एक वार्षिक सभा होईपर्यंत तो वाचण्यासाठी तरी उघडा ठेवा. जे अजून आले नाहीत त्यांची यादी करा आणि एखादा तरुण सदस्य त्यांच्या घरी पाठवा. इमारतीच्या दारातला नोटीस बोर्ड काढू नका. ज्याच्याकडे फोनच नाही, त्याच्यासाठी तोच ग्रुप आहे.

आणि बोलण्यासाठी एक जागा कायम उघडी ठेवा. नियम कडक करा, वेळ ठरवा, फॉरवर्ड बंद करा, अपशब्द वापरणाऱ्याला समज द्या. आम्ही साथ देऊ. पण सगळ्यांची तोंडं बंद करून शांतता आणू नका.

सदस्य म्हणून आम्हीही काही देणं लागतो, हे मी मान्य करते. तुम्ही मत विचारलं तर आम्ही ते वेळेवर दिलं पाहिजे, सभेला आलं पाहिजे, नोंदी काढण्याच्या कामाला हात लावला पाहिजे. हे पत्र वाचून ज्या ॲडमिनला वाटेल की एकट्याने एवढं कसं करायचं, त्यांनी आपल्या ग्रुपवर तसं स्पष्ट लिहावं. प्रत्येक इमारतीत निवृत्त कारकून आहेत, बँकेत आयुष्य घालवलेली माणसं आहेत, कॉलेजात जाणारी मुलं-मुली आहेत. कामं वाटून घेता येतील. आमच्या कोपरीत या कामासाठी मी स्वतः वेळ द्यायला तयार आहे, आणि माझ्या ओळखीच्या आणखी काही जणी तयार आहेत.

पुढचा ग्रुप जोडायचा निर्णय तुम्ही घ्याल, तेव्हा त्याची लिंक टाकण्याआधी आम्हाला एक प्रश्न टाका : चालेल का? उत्तर द्यायला आम्ही आहोत.

आपली नम्र,
कोपरीतील एक रहिवासी आणि अनेक ग्रुपची सदस्य
ठाणे (पूर्व)